निचरा

सात नंबरचा फॉर्म मी पहिल्यांदा भरला तेव्हा सातवीत होते. कालव्याचं पाणी मागायचा तो छापील अर्ज. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, पीक, क्षेत्र, खाली सही किंवा अंगठा. अण्णांना सही यायची, पण छापील रकाने समोर आले की त्यांचा हात अडखळायचा. माझं अक्षर बरं, म्हणून आधी आमचा, मग चुलत्यांचा आणि पुढं सगळ्या वस्तीचे फॉर्म माझ्याकडं यायला लागले. रब्बीचं आवर्तन जवळ आलं की संध्याकाळी ओसरीवर माणसं बसायची.

"तात्या, ज्वारी किती लिहू?"

"पाणी येणार असंल तर दोन एकर लिही. न्हाय तर कशाला लिहायची?"

मी दोन एकर लिहायची. पाणी कधी यायचं, कधी वरच्या गावांतच मुरायचं. पुढं या विषयात माझी डॉक्टरेट झाली, परिषदा झाल्या, निबंध छापून आले. पण तात्यांच्या त्या प्रश्नापासून मी फार लांब गेले असं मला वाटत नाही.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या पलीकडं, नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला. गावात कुणी शेपूट म्हणत नाही, 'टेल' म्हणतात. "आम्ही टेलची माणसं" हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत आले. भोरकडं भाटघरला अडवलेलं पाणी नीरेतून वीरला येतं, तिथून कालव्यात शिरतं आणि पुरंदर, बारामती करत दीडशे किलोमीटरांच्या आसपास वळणं घेत आमच्याकडं पोचतं. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हा कालवा खोदायला घेतला आणि १८८५ च्या सुमारास त्यातून पाणी वाहू लागलं. म्हणजे माझ्या पणजोबांच्या पिढीनं त्याचं खोदकाम पाहिलं. कालव्यावर मातीची पाटी वाहून आपल्या थोरल्या चुलतीनं पोरं जगवली, असं माझी आजी सांगायची.

बारावीनंतर मला बारामतीला कॉलेजात घातलं आणि आत्याकडं ठेवलं. आत्याचं सासर कालव्याच्या खाली, पाण्याच्या ऐन वाटेवर. आमच्याकडं ज्या पाण्यासाठी रात्र जागायची, ते आत्याच्या दारावरून बारमाही वाहायचं. चारी बाजूंना ऊस. पहिले काही दिवस मला ते घर स्वर्गासारखं वाटलं. मग एका हिवाळ्यातल्या सकाळी आत्याबरोबर खालच्या रानात गेले तर जमिनीवर पांढरा थर. मला ते दव वाटलं. आत्यानं बोटावर घेऊन दाखवलं आणि म्हणाली, "मीठ फुटलंय. हे रान चोपण झालं, पोरी. तुझ्या मामांनी चार वेळा लागण केली, चारी वेळा जळाली." तिच्या सासऱ्यांच्या लहानपणी त्या रानात गहू निघायचा. आता लव्हाळा आणि वेडी बाभूळ. कारण विचारलं तर घरात तीन उत्तरं होती: खताचा मारा, देवाची इच्छा आणि भाऊबंदकीत झालेला शाप.

आमच्या रानात पाणी नाही म्हणून पीक नाही आणि आत्याच्या रानात पाणी आहे म्हणून पीक नाही. अठराव्या वर्षी मला एवढंच दिसलं. याला नाव असेल, कुणी यावर लिहिलं असेल, असं मनातही आलं नाही.

ते कळलं पुण्याला एम.ए. करताना. एका जुन्या ग्रंथालयात पाटबंधाऱ्यांवरचे अहवाल चाळताना १९१० ची एक पत्रिका हाती लागली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांनी लिहिलेली, नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवरची. मी ती उभ्यानंच वाचायला घेतली आणि थोड्या वेळानं तिथंच फरशीवर बसले. कालवा झिरपतो, काळ्या रानात पाण्याला खाली वाट मिळत नाही, विहिरींची पातळी वर येते, जमिनीत मुळात असलेले क्षार पाण्याबरोबर वर चढतात, पाणी उन्हानं उडून जातं आणि मीठ मागं राहतं. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली होती तेव्हाच हे रोगाचं निदान छापून तयार होतं. उपायही माहीत होता: पाणी बेतानं द्या आणि जमिनीला निचरा द्या. पुढं १९२० च्या दशकात क्लॉड इंग्लिस या अभियंत्यानं याच खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर निचऱ्याचं काम केलं. आत्याच्या घरात मात्र १९८८ साली शापाची गोष्ट सांगत होते.

त्या दिवशी मला राग आला. अजूनही येतो, आणि तो माझ्या कामाला उपयोगी पडला आहे.

कारण शोधत गेले तशी एकेक गोष्ट उलगडत गेली. बारामती-इंदापूरइतका अभ्यासला गेलेला मुलूख महाराष्ट्रात क्वचितच असेल. इंदापूर तर ब्रिटिशांच्या जमीन महसुलाची प्रयोगशाळाच. पुणे भागात प्रिंगलनं आधी ठरवलेला सारा इतका जड झाला की शेतकऱ्यांनी जमिनी टाकून दिल्या. तेव्हा १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट इंदापूर तालुक्यात आले आणि जमिनीची नव्यानं मोजणी व प्रतवारी केली. मातीचा रंग, तिची खोली, त्यावरून आणे आणि आण्यांवरून सारा. तीच पद्धत पुढं साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. आज सातबाऱ्यावर 'आकार' असा जो रकाना दिसतो, त्याचं मूळ शोधत गेलं तर वाट आमच्या तालुक्यात येते. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास इंदापुरातच सारा वाढवला गेला, कापसाची तेजी ओसरली आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे पेटवले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. या दंग्यांची चौकशी झाली, तिचे जाडजूड खंड निघाले, १८७९ चा शेतकरी संरक्षणाचा कायदा आला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यावर 'ब्लॉक' पद्धत आणली. ऊस एकाच ठिकाणी दाटू नये, तो गावोगाव विखुरावा, ब्लॉकमधल्या तिसऱ्या हिश्श्यात ऊस आणि बाकीत हंगामी पिकं, असा तिचा बेत. कागदावर ती फार विचारपूर्वक आखलेली होती. हॉलंडमधल्या वाखेनिंगनच्या संशोधकांनी १९९५ मध्ये तिच्यावर बारकाईनं लिहिलं. मॅकगिल विद्यापीठाचे डोनाल्ड अ‍ॅटवूड माळेगाव भागात राहून गेले होते. त्यांचं साखरेच्या अर्थकारणावरचं पुस्तक १९९२ मध्ये आलं. सासवडचे माळी खंडानं जमिनी घेत कालव्याकालव्यानं पुढं कसे सरकले आणि शेवटी स्वतःचा कारखाना कसा काढते झाले, हे मला त्यांच्यामुळं नीट समजलं. माझ्या डोळ्यांसमोरच्या माणसांचा इतिहास मी माँट्रियलच्या प्राध्यापकाकडून शिकले. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. पण ही सगळी पुस्तकं इंग्रजीत आणि लांबच्या कपाटांत. आत्याच्या वाडीत त्यातलं एक पानही आलं नव्हतं.

माझ्या डॉक्टरेटचं क्षेत्रकाम १९९६ ला सुरू झालं. आमच्या विषयाला इंग्रजीत 'एन्व्हायर्न्मेंटल गव्हर्नन्स' म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणायचं यावर बरीच चर्चा ऐकली. मी वर्गात सरळ 'कारभार' म्हणते. पाणी, गवत, वाळू, मासे यांचा कारभार कोण करतं, कोणाच्या नावानं करतं, आणि चुकलं तर कोणाला जाब विचारायचा.

एका पाटकऱ्यांनी मला शिष्या म्हणून पत्करलं असं म्हणायला हरकत नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. सायकलच्या दांड्याला दाराची चावी लटकवलेली, खिशात घडी घालून पाळीपत्रक. मी मागून लुनावर. ते चारीच्या तोंडाशी थांबायचे, पाण्यात काटकी टाकायचे, तिच्याकडं बघत काहीतरी पुटपुटायचे आणि सांगायचे, "वर कुणीतरी दार उचललंय." पुढं जाऊन बघावं तर खरंच उचललेलं. नियम सांगतो की आवर्तन शेपटापासून सुरू करून मुखाकडं यावं. "मग तसं का होत नाही?" मी विचारलं. ते कठड्यावर बसले. "मॅडम, टेलला पाणी न्यायचं म्हंजे चार दिवस वरची सगळी दारं बंद ठेवायची. मी एकटा, आणि रात्र मोठी." चार शब्दांत त्यांनी मला जे सांगितलं ते लिहायला प्रबंधात एक अख्खं प्रकरण लागलं.

माझी प्रश्नावली सव्वीस पानांची होती. 'आवर्तनात मिळणारं पाणी पुरेसं असतं का?' हा तिच्यातला मुख्य प्रश्न. शेळ्या सोडायच्या घाईत असलेल्या एका बाईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "पुरंल का न पुरंल ते म्हागनं बघू. येणार कवा, ते सांग की. बाया सांगायच्या का न्हाय, पोराला साळंत धाडायचं का रानात न्यायचं, समदं त्येच्यावर हाय." सव्वीस पानांत 'कधी' हा शब्द एकदाही नव्हता. मी टेलची मुलगी, पाण्याची वाट बघत मोठी झालेली, आणि पुस्तकांच्या नादात तोच प्रश्न विसरले होते.

मग त्यांच्याच घरात भिंतीवरचं कालनिर्णय दिसलं. दुधाच्या रतिबाच्या खुणा, गॅसची तारीख, आणि मध्ये काही चौकोनांत निळ्या पेनानं 'पाणी'. मागच्या वर्षांची कॅलेंडरं चुलीमागं गुंडाळून ठेवलेली होती. मी घरोघर फिरून अशी जुनी कालनिर्णयं मागायला लागले. सगळीकडं नव्हती, जिथं होती तिथं ती बायकांनी ठेवली होती. सरकारी पाळीपत्रकात पाणी सुटल्याची तारीख असायची आणि कालनिर्णयात पोचल्याची. दोन्ही शेजारी ठेवल्यावर माझ्या प्रबंधाला कणा मिळाला. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं, "किचन कॅलेंडर हा विश्वासार्ह पुरावा कसा मानायचा?" मी म्हणाले, "सर, ज्या बाईला दुधाच्या पैशाचा हिशेब रोज चोख ठेवायचा असतो, ती पाण्याची तारीख चुकवत नाही." आजही हेच उत्तर देईन.

पुढची वीस वर्षं शिकवण्यात गेली. हार्डिनचा १९६८ चा निबंध शिकवायचा, सामाईक गोष्टीचा नाश ठरलेलाच असं म्हणणारा. मग ऑस्ट्रॉमबाईंचं १९९० चं पुस्तक, लोक स्वतः नियम करून सामाईक साधनं शतकानुशतकं टिकवतात हे दाखवणारं. २००९ ला त्यांना नोबेल मिळालं तेव्हा मी वर्गात पेढे वाटले. पण मुलांना खरं समजायचं ते शेजारच्या पुरंदरमधल्या नायगावचं उदाहरण दिल्यावर. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी पंचायत उभी केली. पाण्यावरचा हक्क जमिनीच्या एकरांवर ठरवला नाही, घरातल्या माणसांवर ठरवला; भूमिहीनांनाही वाटा दिला आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही असं ठरवलं. नायगावच्या माळावर उभं राहून कालव्याकडचा हिरवा पट्टा आठवायचा, एवढा एकच तास मी वर्षातून एकदा घेते.

दर हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन दोन तालुक्यांची चक्कर असते. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा दाखवायची. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं ते गवताळ रान. सरकारी कागदांनी असल्या माळांना पिढ्यान्‌पिढ्या 'पडीक' म्हटलं. मेंढपाळांना मात्र तिथल्या प्रत्येक गवताचं नाव माहीत असतं. मग इंदापूरकडं वळून भादलवाडीच्या तळ्यावर चित्रबलाकांची घरटी, आणि शेवटी भिगवण.

भिगवणला माझं बोलणं कमी होतं. उजनीचं पाणी जिथं पसरलंय त्याच्या खाली आईचं माहेर आहे. १९६६ ला यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली, १९८० ला धरण पूर्ण झालं. आजोळ हलवलं तेव्हा मी लहान होते. ट्रकमध्ये उंबऱ्याचं लाकूड ठेवलेलं आठवतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोकळ्या झालेल्या मळीत आजोबा गाळपेर करायचे. भुईमूग, कलिंगड, कधी चाऱ्याची मका. जमीन त्यांचीच होती, आता सरकारची झालेली, आणि परवानगीनं एका हंगामापुरती परत मिळालेली. दुष्काळी वर्षात पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं. लोक फोटो काढायला येतात. आई आली की कळसाकडं बघून बाकीचं गाव बोटानं दाखवते: इथं पार, इथं शाळा, इथं आमचं दार.

एकूण ११७ टीएमसीच्या आसपास साठा, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, खालच्या सोलापूरचा त्यावर हक्क, वरच्या इंदापूरची त्यावर मागणी, आणि मुळा-मुठेतून भीमेत उतरणारं पुण्याचं सांडपाणी. हे सगळं एकाच पाण्यात. त्यात मासेमारी करणाऱ्या बाईनं एकदा माझ्या विद्यार्थिनीला जाळ्यातली चिलापी दाखवून विचारलं, "तुम्ही पुण्याची ना?" ती हो म्हणाली. बाई पुढं काही बोलल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये ती मुलगी बराच वेळ खिडकीकडं बघत होती. पुढं तिनं नदीच्या सांडपाण्यावरच प्रबंध लिहिला.

माझे निबंध छापून येत होते, बढती मिळत होती. पण मॅन-ताम्हणेंची ती पत्रिका मनातून जात नव्हती. ज्ञान इथून नेलं जातं आणि इथं परत येत नाही, अशी तक्रार मी करत होते. आणि माझेही बहुतेक निबंध इंग्रजीत, गावात कुणी न पाहिलेले. २०१४ च्या दिवाळीत मी पत्रिकेतला गाभा मराठीत उतरवला, वहीची वीस पानं झाली, आणि आत्याच्या वाडीतल्या मारुतीच्या देवळात वाचायला बसले. तीसेक माणसं. क्षार वर चढण्याचं वर्णन आलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्या वढ्याकडच्या पट्टीचं सांगतीया." वाचून झाल्यावर नव्वदीच्या घरातले एक बाबा काठी टेकत पुढं आले. "हे कधी लिहिलंय म्हणालीस?" १९१० ला, मी सांगितलं. ते हिशेब करत राहिले. "माझ्या जन्माआधी," म्हणाले, आणि जाऊन बसले.

कुणी मला दोष दिला नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

उपायाला मग गावानंच हात घातला. जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून खारं पाणी ओढ्याला काढून द्यायचं. शास्त्र जुनं, पाईप नवे. पण निचऱ्याची एक अडचण कुठल्याही पत्रिकेत सुटत नाही: पाणी उताराकडंच जातं आणि उतारावर शेजाऱ्याचं रान असतं. आतेभावाच्या पट्टीतून ओढ्यापर्यंत जायला तीन बांध ओलांडायचे होते. दोघं तयार झाले. तिसऱ्यांचा नकार. त्यांच्या वडिलांचं आणि मामांचं बांधावरून जुनं वैर. त्यांची भीतीही खोटी नव्हती: पाईप फुटला तर मीठ त्यांच्या उसात. दोन उन्हाळे बैठका झाल्या. मी आधी नकाशे घेऊन जायची, लेव्हल दाखवायची. मग नकाशे न्यायचे बंद केले आणि नुसती ऐकत बसले. शेवटी तोडगा त्यांच्या सुनेनं काढला. त्यांच्या रानातून जाणारा पाईप बिनछिद्राचा आणि खोल घ्यायचा, दर शंभर फुटांवर तपासणीचं तोंड ठेवायचं, आणि त्यांच्याही खालच्या कोपऱ्याला एक फाटा द्यायचा, कारण तिथंही मीठ फुटायला लागलंय, हे त्या घरात आजवर कुणी बोललंच नव्हतं. शंभराच्या स्टँपवर लिहून चौघांच्या सह्या झाल्या. मसुदा मी लिहिला. अक्षर बरं म्हणून.

पहिल्या पावसानंतर आतेभावाचा फोन आला आणि मी त्याच दुपारी बारामतीची एसटी धरली. ओढ्याच्या काठावर पाईपचं तोंड. पिवळसर पाण्याची करंगळीएवढी धार, थांबत थांबत. आत्याला खुर्चीवर बसवून तिथं आणलं होतं. मी वाकून बोट ओलं केलं, जिभेला लावलं. खारट, तुरट. आत्याला सांगितलं तर तिनं स्वतःचा हात पुढं केला. मग मी तिचं बोट धारेखाली धरलं. ती चव घेऊन गप्प बसली. शेजारचे, ज्यांनी नकार दिला होता, ते चपला हातात घेऊन ओढ्यात उतरले आणि पाईपच्या तोंडाशी अडकलेला गाळ बोटानं काढायला लागले. आतेभावानं खिशातून वही काढली.

"आजची तारीख किती गं?" त्यानं विचारलं.